सातशे, फार तर आठशे

तात्या,

आज वारा फार आहे म्हणून काम बंद ठेवलंय. सकाळी क्रेन फाटकापर्यंत नेली होती, पण समोरच्या निलगिरीचे शेंडे ज्या तऱ्हेने हलत होते ते पाहून मी ड्रायव्हरला गाडी मागे घ्यायला सांगितली. ज्यांच्याकडे झाड काढायचं होतं ते फोनवर चिडले. मी म्हणालो, साहेब, झाड उद्याही तिथेच असेल. हे वाक्य तुमचं आहे. खरंच तुमचं आहे. मुद्दाम लिहितोय, कारण तुमची म्हणून मी जी वाक्यं सांगत फिरतो ती सगळीच तुमची नाहीत, आणि त्यातल्याच एकाबद्दल लिहायला आज बसलोय.

तुम्हाला वाचता येत नव्हतं. तुम्ही असतात तरी हे पत्र मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि तेवढी हिंमत माझ्यात असती तर ते लिहायची वेळच आली नसती. गोष्ट फार मोठी नाही. एका आंब्याच्या फांदीचं वजन तुम्ही झाडावरून मला सांगितलंत आणि खाली क्रेनवाल्याला सांगायला पाठवलंत. मी ते वीस पावलांत बदललं आणि तुमच्या नावाने दुसरंच सांगितलं. तुम्ही गेलात त्याला आता वीस वर्षं होतील. गेलात तेव्हाही तुम्हाला हे माहीत नव्हतं. मी केलं ते बरोबर होतं, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. पण बरोबर केलेली गोष्टसुद्धा ज्याच्याबाबतीत केली त्याला सांगावी लागते, हे मला उशिरा कळलं.

मी तुमच्याकडे आलो तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. घोटीजवळच्या आमच्या गावात दहावी केली, मग एकलहऱ्याच्या वीज केंद्रात एका ठेकेदाराच्या टोळीत तीन वर्षं अवजड सामान उचलायचं काम केलं. तिथला म्हातारा मुकादम एकच गोष्ट रोज सांगायचा, वजन माहीत नसेल तर हूक लावायचा नाही. त्यानेच मला लाकडाचं वजन काढायला शिकवलं होतं. घेराला घेराने गुणायचं, साडेबाराने भागायचं, मग लांबीने गुणायचं. आणि ओलं लाकूड म्हणजे जवळजवळ पाणीच समजायचं. तुमच्याकडे ह्यातलं काही नव्हतं. तुमच्याकडे दोर होता, कुऱ्हाड होती आणि डोळे होते. पहिल्याच आठवड्यात तुम्ही एका बाभळीच्या ओंडक्याकडे मान वाकडी करून पाहिलंत, म्हणालात, "एकशे नव्वद." वखारीच्या काट्यावर तो एकशे त्र्याण्णव भरला. मी त्या दिवशी संध्याकाळी गावी आईला सांगितलं की मला गुरू मिळाला.

मखमलाबाद नाक्याजवळच्या तुमच्या नि मावशीच्या दोन खोल्यांत आम्ही टोळीतले चौघेही जेवायला असायचो. मावशीच्या माहेरी भाजीपाला पिकायचा. तिचा भाऊ बाजाराला जाता जाता काहीतरी टाकून जायचा आणि माहेरचा एक पितळी तराजू तिच्या चुलीशेजारी टांगलेला असायचा. मग तो खेळ सुरू व्हायचा. मावशी पदराआडून भोपळा काढायची, तुम्ही हातसुद्धा न लावता सांगायचात, "साडेतीन." ती तोलायची. "साडेतीनला एक लिंबू कमी!" आम्ही टाळ्या वाजवायचो. मुळा, रताळी, कांद्याची पिशवी, सगळं बरोबर. मग ती हळूच मेथीची ओली जुडी पुढे करायची आणि तुमचा अंदाज हमखास निम्म्यावर यायचा. मावशीला हसू आवरायचं नाही. "अवो, पाल्यात पानी असतं. तुमाला कसं दिसंल? तुमच्या डोळ्यात नुसती वखार भरलीय." तुम्ही ताट पुढे ओढत म्हणायचात, "पाला काय तोलायचा? पाला शेळीनं खायचा." आम्ही सगळे हसायचो. मीही हसायचो. त्या हसण्यात किती मोठी गोष्ट आमच्यासमोर पडलेली होती ते कुणाच्याच लक्षात आलं नाही.

कारण तुमच्या नजरेला वखारीनेच शिकवलं होतं, तात्या. द्राक्षांच्या पेट्या करणाऱ्या त्या वखारी फक्त खोड आणि जाड फांद्या घ्यायच्या. पाला, काटक्या, शेंडे जागेवरच राहायचे, आसपासच्या बायका सरपणाला न्यायच्या. लाकूड आधी दोन-तीन आठवडे उन्हात पडायचं, मग काट्यावर चढायचं. तीस वर्षं तुम्ही झाडाकडे पाहिलंत आणि तीस वर्षं त्या काट्याने तुम्हाला सांगितलं की बरोबर आहे. दोराच्या कामात ह्यामुळे कधी अडलं नाही. दोराने उतरवायच्या आधी तुम्ही फांदी सोलून घ्यायचात, तुकडे लहान करायचात, आणि दोर बुंध्याला चार वेढे घातलेला असला की थोडं जास्त वजन तो पोटात घालायचा. क्रेन पोटात घालत नाही.

तुमचा मार मी कधी खाल्ला नाही, पण एक बोलणं अजून आठवतं. एका मंगल कार्यालयाच्या आवारातला शिरीष होता. मी त्याच्या बुंध्यावर खडूने घेर लिहिला, भागाकार केला, उत्तराखाली रेघ मारली. तुम्ही आलात, पाहिलंत आणि खांद्यावरच्या पंच्याने ते सगळं पुसून टाकलंत. "काल ज्याला हळदीकुंकू वाहिलं, त्याच्यावर आज खडू? देवळाच्या भिंतीवर लिव्हशील का रे?" बाकीचे तिघे पाहत होते. तुमचं खरंच होतं. झाड काढायच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला तुम्ही त्याच्या मुळाशी मूठभर तांदूळ आणि हळदीकुंकू ठेवायचात, हात जोडून म्हणायचात, "उद्या येतो. ज्यांचं घर हाय त्यांनी आजच दुसरीकडं जावं." मी ते आजही करतो. एकटा जाऊन करतो. पोरं हसत नाहीत, पण मला त्या वेळी कुणी सोबत नको असतं.

त्या बोलण्यानंतर चार दिवसांनी तुम्ही माझ्या हातात एक पुडकं दिलंत. आत तीस मीटरची कापडी टेप आणि खिशात मावेल एवढी वही. "लिव्हायचं तर ह्याच्यात लिव्ह. मला दावू नको." एवढंच म्हणून तुम्ही दोर गुंडाळायला लागलात. माझ्या बापाने मला दप्तर घेऊन दिलं होतं, त्यानंतर कुणी मला माझ्या शिक्षणासाठी म्हणून काही दिलं असेल तर ती टेप. आणि त्याच टेपने मी पुढे तुमचा आकडा खोटा ठरवला.

आंब्याचं झाड गंगापूर रोडमागच्या जुन्या कॉलनीत होतं. मालकीणबाई निवृत्त शिक्षिका, घर कौलारू, आणि आंब्याची एक दांडगी फांदी बरोबर त्या कौलांवर आडवी गेलेली. तुम्ही कुऱ्हाडीच्या मुंढ्याने बुंधा ठोकलात. आवाज ढोलासारखा आला. तुम्ही दुसऱ्या बाजूनेही ठोकलंत, मग कान लावलात. "दोरानं नाय जमायचं. फांदी सुटली की झटक्यानं हा बुंधा माझ्यासकट बसंल." क्रेनचा शब्द तुमच्याच तोंडून पहिल्यांदा निघाला, हे मी नेहमी सांगतो. लोकांना वाटतं जुना माणूस यंत्राला विरोध करणारा असतो. तुम्ही झाडाचं ऐकून यंत्र मागवलंत.

मला चार पायांची क्रेन हवी होती. जिचे लोखंडी पाय बाहेर निघतात, जमिनीवर टेकतात आणि चाकं उचलली जातात, तशी. सातपूरला एक होती, पण ती आठवडाभर दुसऱ्या कामावर होती आणि बुंधा आठवडाभर थांबेल असं तुम्हाला वाटत नव्हतं. मिळाली ती हायड्रा. हायड्राला पाय नसतात, ती टायरवर उभी राहून उचलते. जवळचं वजन ती हसत उचलते. बूम, म्हणजे तिचा लोखंडी हात, जसजसा लांब करावा तसतशी तिची ताकद उतरत जाते. मी तुम्हाला हे सांगू लागलो तर तुम्ही म्हणालात, "चाकं हायेत, इंजिन हाय, हूक हाय. अजून काय नवरीमुलगी पाहिजे का?"

तिचा ऑपरेटर मालेगावचा होता. पस्तिशीचा, किडकिडीत, घरचे सगळे यंत्रमागावर आणि हा एकटा क्रेनवर. गाडीतून उतरल्या उतरल्या त्याने बाईंना विचारलं, "मॅडम, संडास की टाकी किधर है?" बाई लाजल्या, त्यांना वाटलं त्याला जायचंय. मग त्याने पहार मागितली आणि अंगणात ठोकून पाहत फिरला. जिथे गाडी उभी करायची ठरलं होतं बरोबर तिथेच टाकी निघाली, वर फरशी आणि खाली पोकळ. तुम्ही पान खात हसत होतात. त्याने गाडी मागे घेतली, फाटकाबाहेरच्या पक्क्या रस्त्यावर. तेवढ्याने बूम दोन-अडीच मीटर जास्त लांब गेला. केबिनमध्ये प्लास्टिकमध्ये घातलेला एक तक्ता चिकटवलेला होता, किती लांबीला किती वजन. त्याने बोट ठेवून मला दाखवलं. "यहाँ से ग्यारह सौ. उसके ऊपर एक किलो नहीं. अब चाचा से पूछ के आ, कितना है."

रात्री पाऊस झालेला आहे. फांदीवर बांडगुळाचे चार मोठे झुबके आहेत, पानं दाट, काळपट, पाण्याने जड. तुम्ही वर आहात, बुंध्याला दोर बांधून, बूमच्या बरोबर खाली. सकाळी शिडीवर चढून मी फांदीचा घेर तुमच्या टेपने घेतलेला आहे. नुसतं लाकूडच माझ्या वहीत सातशे साठ आलंय. पाला, डहाळ्या, बांडगुळं धरून पंधराशे. मी खालून ओरडून विचारतो. इंजिनाच्या आवाजात तुमचा आवाज येतो, "सातशे! फार तर आठशे सांग!" मी म्हणतो, "तात्या, पाला ओला आहे." तुम्ही हात झटकता. "पाला शेळी खाईल. तू सांग जा."

झाडापासून केबिनपर्यंत वीस पावलं आहेत. मी ती नंतर मोजली. मला एवढंच दिसत होतं की गाडी पुढे कलंडली तर बूम तुमच्यावर येईल आणि तुम्ही बांधलेले असाल. वर चढून तुमच्याशी चौघांसमोर वाद घालता आला असता. तुम्ही ऐकलं नसतंत, आणि वरून दुसऱ्यांदा ओरडला असतात तो आकडा ऑपरेटरने स्वतः ऐकला असता. मी देवाचं नाव घेतलं आणि केबिनपाशी जाऊन म्हणालो, "तात्या म्हणतायत, पंधराशे."

त्याने लगेच मान हलवली. "नहीं होगा. तीन टुकडे." मी परत आलो, तुम्हाला सांगितलं की तो नाही म्हणतो, तीन तुकडे करा म्हणतो. तुम्ही वरून बघितलंत त्याच्याकडे. "आठशेला नाय म्हनतो? मग हे काय भावलीचं लगीन लावायला आणलंय का?" पण फांदीवर पुढे सरकलात, दोर नव्याने बांधलात, कौलं ओलांडून अंगणावर आलेल्या शेंड्याकडच्या तुकड्याला नायलॉनचा पट्टा घातलात. तुमच्या हिशेबाने तो तुकडा अडीचशेचा होता, पण पाला आणि बांडगुळं जवळजवळ सगळी त्याच्यावरच होती, आणि तिथवर पोचायला बूम आणखी लांब काढावा लागला होता.

ऑपरेटरने मला एक काम दिलं. कालच्या वर्तमानपत्राची चार बोटं रुंद पट्टी फाडली, गाडी जराशी पुढेमागे करून मागच्या चाकाखाली तिचं एक टोक धरलं आणि दुसरं टोक माझ्या हातात दिलं. "हलका हलका खींचते रह. जब तक फँसा है, गाडी जमीन पे है. निकल आया तो चिल्ला." त्याने हूक थोडासा ताणून घेतला, तुम्ही करवत चालवलीत. लाकूड कडकडलं, तुकडा सुटला, आणि त्यातून रात्रीचा सगळा पाऊस एकदम खाली सांडला. त्याच क्षणी कागद माझ्या हातात आला. ओढावा लागला नाही. नुसता आला.

मी ओरडलो. त्याने वळवायचा प्रयत्न केला नाही, रस्त्याकडे न्यायचा प्रयत्न केला नाही, जिथे होता तिथेच तुकडा सरळ खाली सोडला. तो बाईंच्या गुलाबाच्या वाफ्यावर बसला. मागचं चाक धप्पकन जमिनीला टेकलं. बाई "अहो माझे गुलाब!" म्हणत धावल्या. आणि वरून तुम्ही हसायला लागलात. तुम्हाला वरून चाक दिसलंच नव्हतं. "घाबरला रे घाबरला! अडीचशे किलोला घाबरलं मालेगाव!" टोळी हसली. ऑपरेटर केबिनमधून उतरला, बाहीने तोंड पुसलं, माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्याला काय कळायचं ते तिथेच कळलं. त्याने वर मान करून तुम्हाला हाक दिली. "हाँ चाचा. डर गया."

उरलेल्या फांदीचे मग त्याने चार तुकडे करायला लावले आणि तुम्ही प्रत्येक तुकड्याला त्याची खिल्ली उडवलीत. "ह्यो उचलशील का, का घरनं आईला बोलवू?" तो प्रत्येक वेळी हसून हो म्हणाला. एकाही कौलाला धक्का लागला नाही. दुपारी चहाच्या टपरीवर त्याने मला बाजूला घेतलं.

"चाचा ने कितना बोला था?"

"सातशे. फार तर आठशे."

त्याने फुंकर मारून चहा प्याला. "गलत नहीं बोला. चाचा लकडी तोलता है, मियाँ. मेरी गाडी को पूरा पेड उठाना है." मग ग्लास खाली ठेवला. "अच्छा किया तूने. लेकिन बताएगा तू. तेरा उस्ताद है, मेरा नहीं."

मी हो म्हणालो. तीन आठवड्यांनी त्या फांदीचं लाकूड वखारीच्या काट्यावर चढलं. सोललेलं, उन्हात पडलेलं, पानाशिवाय. भरलं सातशे चाळीस. तुम्ही तिथून थेट पेढे घेऊन घरी आलात. मावशीला, टोळीला, शेजारच्या बायकांना, सगळ्यांना सांगितलंत की काय म्हणालो होतो मी, आणि तो मालेगाववाला कसा थरथरत होता. माझ्यापुढे आलात. "घे. तोंड उघड." तुम्ही स्वतःच्या हाताने पेढा माझ्या तोंडात घातलात. तोंडात पेढा असताना माणसाला बोलता येत नाही, अशी मी त्या दिवशी स्वतःची समजूत घातली. तो पेढा संपून आता किती वर्षं झाली.

त्यानंतर मी दोनदा सांगायला आलो होतो. एकदा तुम्ही दोराला गाठी मारत बसला होतात आणि इतके खुशीत होतात की मी दोराबद्दलच बोलत राहिलो. दुसऱ्यांदा तुम्ही अंथरुणावर होतात. छातीचं दुखणं होतं, आवाज खोल गेला होता. मी विषय काढायच्या आत तुम्हीच म्हणालात, "त्या मालेगाववाल्याला बोलीव कधी. चहा पाजू. भित्रा होता, पन हात लय साफ." मी म्हणालो, बोलावतो. एवढी चांगली वाट तुम्ही करून दिली होतीत आणि मी तिच्यावरून परत फिरलो. आठ दिवसांत तुम्ही गेलात. तो चहा राहून गेला.

तो मात्र माझ्या कामांवर येत राहिला. तुमच्यानंतर टोळी मी चालवली, क्रेन लागली की त्यालाच बोलावलं. दर वेळी उतरल्यावर पहिला प्रश्न, "बताया?" मी मान हलवायचो. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा तो मालेगावहून आला, मावशीसमोर खाली मान घालून बसला, आणि जाताना फाटकापाशी म्हणाला, "अब नहीं पूछूँगा." खरंच पुन्हा विचारलं नाही. क्रेनचं मला जे येतं ते त्याने शिकवलं. पट्टा कुठे घालायचा, पट्टा कापू नये म्हणून धारेवर पोतं कसं द्यायचं, हूक किती ताणायचा म्हणजे तुकडा सुटल्यावर उडणार नाही आणि आदळणारही नाही. खुणा एकाच माणसाने करायच्या, थांब मात्र कुणीही म्हणू शकतो. माणूस हुकाला कधीच बांधायचा नाही.

आता माझी स्वतःची क्रेन आहे, तात्या. चार पायांची. प्रत्येक पायाखाली जाड लाकडी फळ्या घालतो, आणि त्या आधी पहार घेऊन टाकी शोधतो. हुकाला लटकवायचा एक काटा मिळतो आता, उचललेलं वजन आकड्यात दाखवतो. तो घेतला तेव्हा पहिलं काम मी काय केलं असेल? पावसाळ्यात आंब्याची तशीच फांदी मिळेपर्यंत थांबलो. पान न तोडता उचलली. चौदाशे ऐंशी. मग ती खाली ठेवून पोरांना सोलायला लावली, पाला, डहाळ्या, बांडगुळं, सगळं काढलं, आणि सावकाश वाळू दिली. पोरांना वाटलं मालकाचं डोकं फिरलं. महिन्याभराने पुन्हा उचलली, काट्यावर आकडा आला सातशे तीस. मी तिथेच हात जोडले. तुम्ही लाकडाबद्दल आयुष्यात कधी चुकला नाहीत. तुम्हाला झाडाचं तेवढंच दिसायचं जेवढं वखारीत जातं, आणि तेवढं तुमच्याइतकं स्वच्छ कुणाला दिसलं नाही.

रोज सकाळी गाडी निघायच्या आधी मी सगळ्यांना गोल उभं करतो. कुठलं झाड, वारा कसा, वजन किती, कोण कुठे उभा राहणार, हे सांगतो. शेवटी एक वाक्य असतं. शेडमध्ये तुमच्या फोटोखाली ते पाटीवर रंगवूनही घेतलंय: क्रेनला लाकूड नाही, अख्खं झाड उचलायचं असतं. नवीन पोरगा आला की मी फोटोकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, आमचे तात्या म्हणायचे. पोरं ते ऐकतात. तुमचं नाव घेतलं की वाक्याला वजन येतं. आणि मला वाटतं, तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही हेच म्हणाला असतात, जरा हसून, मावशीकडे न बघता.

पण तुम्ही ते म्हणाला नव्हतात. टपरीवर चहा पिता पिता ज्याने ते म्हटलं, त्याने तुमचे टोमणे खाल्ले, माझं झाकलं, आणि त्याचा फोटो माझ्या शेडमध्ये कुठेच नाही. तो आता काम करत नाही, मालेगावला नातवंडांत असतो. ईदला मी फोन करतो. पाटीबद्दल त्याला कधी सांगितलेलं नाही. त्या दिवशी वीस पावलांत मी तुमच्या तोंडी जे घातलं ते तुमचा जीव वाचवायला घातलं, त्याचं मला काही वाटत नाही. हे दुसरं मात्र मी रोज सकाळी घालतो, आणि त्याने कुणाचा जीव वाचत नाही.

हे पत्र मी तुम्ही दिलेल्या वहीत ठेवतोय. वर्तमानपत्राची ती पट्टी तिच्यातच आहे, टायरची नक्षी अजून दिसते. वारा आता उतरलाय, निलगिरी शांत आहेत. उद्या सातला गाडी निघेल. उद्या गोलात उभं राहून ते वाक्य मालेगावच्या माणसाचं आहे हे सांगायचं, असं मी ठरवलंय. गेल्या वर्षी वाऱ्यामुळे काम बंद होतं, त्या दिवशीही ठरवलं होतं.